पाहुण्याला आधी पाणी



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय भारदस्त हवा असा एक समज आहे. या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोलून झालं, राज्यघटनेवर झालं, भातशेतीवर झालं. यंदा संयोजकांचा मला फोन आला, "तुम्ही आपलं विनोदावर बोला. लोक जरा सैल होतील." मी लगेच हो म्हटलं, कारण ज्यांच्या नावाने ही माला चालते त्या गुरुजींना हसताना पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सभागृहात कोणी असेल तर हात वर करा. बघा, त्यांच्या घरच्यांनीही केला नाही.

पण याच गुरुजींच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात पालकांनी पाठवलेल्या रजेच्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या असायच्या. वरच्या वर्गात गेल्यावर तो डबा आवरायचं काम माझ्याकडे आलं. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "मुलाला ताप असल्याकारणाने तो आंबे राखावयास गेला आहे." दुसरी याहून सरस होती: "काल बैल हरवला म्हणून मुलगा शाळेत आला नाही. आज बैल घरी आला आहे, परंतु मुलगा बैल शोधावयास गेला तो आलेला नाही. तरी मुलगा आल्यावर पाठवतो." खाली सही, आणि सहीखाली शंका नको म्हणून अंगठा.

मी पोट धरून हसलो. गुरुजी म्हणाले, "हसायला काय झालं? बापाने खरं लिहिलंय." आणि चिठ्ठी तारखेच्या जागी लावली.

गुरुजींचं म्हणणं बरोबरच होतं. ती चिठ्ठी लिहिणारा बाप विनोदी लेखक नव्हता. शेजाऱ्याचं पेन मागून आणून, चष्मा लावून, मुलाचं नाव पटावरून कटू नये या काळजीने त्याने ती लिहिली होती. आज मला जे सांगायचं आहे ते त्या डब्यात होतं. कथेतला विनोद हवा असेल तर हसणाऱ्या, हसवणाऱ्या माणसाकडे जाऊ नये. आपल्या कामात बुडालेला, आपल्या हिशेबाने अगदी बरोबर असलेला गंभीर माणूस शोधावा.

हे बोलायचं कारण आहे. शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन्ही तालुक्यांतली बरीच मुलं-मुली आता मोबाईलवर कथा लिहितात. किन्हवलीच्या मुलाची कथा रात्री अकराला लोकांसमोर जाते आणि सकाळी नागपूरच्या कोणी बाई विचारतात, "पुढचा भाग कधी?" संपादकांच्या 'साभार परत'वर वाढलेल्या माझ्या पिढीला याचा हेवा वाटतो, वाटू द्या. ही मुलं भेटली की एकच तक्रार करतात. सर, भयकथा जमते, प्रेमकथा तर झोपेतही जमते, पण विनोदी काही सुचत नाही. मग ती काय करतात? फॉरवर्ड झालेले विनोद वाचतात. बंड्या, गण्या, झंप्या, त्यांच्या बायका, त्यांचे मास्तर. त्यातला एखादा उचलून कथेत बसवतात, आणि कथा तिथेच बसते, पुन्हा उठत नाही. कारण या बंड्याला गाव नाही, आडनाव नाही, त्याच्या नावावर सात-बारा नाही. त्याला कर्ज नाही, गुडघेदुखी नाही. ज्याच्यापाशी गमावण्यासारखं काहीच नाही, त्याचं काय झालं यावर एकदा हसता येतं. बारा भाग वाचवत नाहीत.

आता पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' आठवा. रत्नागिरीहून मुंबईला निघालेल्या एसटीखाली म्हैस येते, गाडी अडते, पंचनामा होतो. मालकाला म्हशीची भरपाई हवी, कंडक्टर-ड्रायव्हरला नोकरी सांभाळायची, हवालदाराला कागद पुरा करायचा, पुढाऱ्याला पुढारीपण करायचं आणि प्रवाशांना मुंबई गाठायची. आपण गमतीदार आहोत अशी शंकासुद्धा यांतल्या कोणाला नाही. म्हणून इतकी वर्षं आपण हसतोय.

तिकडे रशियात अंतोन चेखव्हचं तेच. डॉक्टरकी शिकताना घर चालवायला म्हणून तो 'अंतोशा चेखोन्ते' या नावाने विनोदी साप्ताहिकांत लिहायचा. त्यांतल्या 'ओस्कोल्की' या साप्ताहिकात शंभर ओळींच्या आत गोष्ट संपवावी लागे. मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याची 1883 सालची एक गोष्ट आहे. नाट्यगृहात एक कारकून शिंकतो, आणि पुढच्या रांगेतल्या बड्या साहेबाच्या टकलावर थेंब उडतात. कारकून माफी मागतो. साहेब म्हणतो, असू दे. कारकुनाला वाटतं, साहेब नीट बोलला नाही. तो मध्यंतरात पुन्हा माफी मागतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मागतो, तिसऱ्या दिवशी परत जातो. शेवटी साहेब खेकसून त्याला हाकलतो, आणि कारकून घरी येऊन कोचावर पडतो तो मरतोच. साहेब त्याच्या खात्याचासुद्धा नव्हता. हा कारकून मी पाहिलेला आहे. पंचायत समितीत त्याचं टेबल खिडकीशी होतं आणि टपाल आवक-जावक त्याच्याकडे होतं. तो मेला नाही, एवढाच फरक. रीतसर निवृत्त झाला.

आपल्याकडे चिं. वि. जोशी झाले. 1892 मध्ये तानसा धरण पुरं झालं, त्याच साली त्यांचा जन्म. या दोन घटनांचा काही संबंध नाही, पण तानसा आपली म्हणून सांगितलं. हे गृहस्थ पालीचे पंडित, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक, आणि बडोदे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी. दिवसभर जुने कागद चाळणाऱ्या या माणसाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले. मला यात नवल वाटत नाही. कागदाइतकं गंभीर तोंड करून इतकं विलक्षण काही सांगणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ग्रामसभेची इतिवृत्तं वाचली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आता आपल्या गावाकडे येऊ.

आपला शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसाचं पाणी 1892 पासून जातंय. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आज मुंबई जे पाणी पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचं आहे. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. वर्तमानपत्रवाले याला दरवर्षी 'धरण उशाला, कोरड घशाला' असा मथळा देतात. मथळा जुना झाला आहे, पण टँकर दरवर्षी नवा असतो.

यामागचं कारण साधं आहे. पाऊस इथे धो धो पडतो, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण खाली काळा पाषाण आहे, पाणी मुरत नाही. धरणं दऱ्यांत आहेत आणि पाडे टेकाडांवर. पाणी उताराने मुंबईकडे जातं, टेकाडावर चढत नाही. सरकारदरबारी याची सोय म्हणून टंचाई आराखडा असतो. त्याचे तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. म्हणजे भात अजून खाचरात उभं असतं, चपलेला चिखल लागत असतो आणि कागदावर टंचाईचा पहिला टप्पा सुरू झालेला असतो. यात चूक काहीच नाही. पुढचं नियोजन आधी करावं लागतं. पण हा आराखडा घेऊन गुडघाभर चिखलातून सहीला निघालेला ग्रामसेवक डोळ्यांसमोर आणा.

मे महिन्यातली एका पाड्यावरची विहीर मी पाहिली आहे. टँकर येतो तो भांडी भरत बसत नाही, विहिरीत पाइप सोडून मोकळा होतो. कोरड्या विहिरीत वरून पाणी पडतं, पाचोळा-माती ढवळून निघते आणि ते पाणी खाली बसायच्या आत पोहरे सुटतात. काठावर दोरांचा गुंता, हंड्याला हंडा लागून आवाज, लहान पोरांना दूर हाकलणाऱ्या म्हाताऱ्या. अशा गर्दीत शहरातून आलेला एक तरुण वार्ताहर उभा होता. त्याने एका बाईला विचारलं, "मावशी, तुमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला जातं. तुम्हाला राग नाही येत?"

बाईने डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, पुन्हा ठेवली. म्हणाली, "मुंबईवालं पावणं हायेत आमचं. पावण्याला आधी पाणी द्यायची रीत हाय आपली."

वार्ताहराने ते खाली मान घालून लिहून घेतलं. त्याला वाटलं, ग्रामीण संस्कृतीतला मोठेपणा हाती लागला. तेवढ्यात बाईने पोहरा दोनदा ओढून हंडा भरला, शेजारणीने हात लावला, हंडा डोक्यावर गेला. निघताना ती बोलली, "पावणा उठायचं नाव घेत न्हाय, येवढंच."

मी त्यानंतर विनोदावरची पुस्तकं वाचणं जवळजवळ सोडून दिलं.

बाईने काय केलं ते सावकाश बघा. तिने आरोप केला नाही, अन्याय म्हटलं नाही. समोरच्याला मोडता येणार नाही असा घरातला नियम तिने पुढे केला. दारी आलेल्याला आधी पाणी, हे कोण नाकारणार? त्या नियमात तिने कोटी-दीड कोटी लोकांचं शहर ओसरीवर आणून बसवलं. मग एक हंडा भरेल इतका वेळ जाऊ दिला. तो वेळ फार महत्त्वाचा. दोन्ही वाक्यं लागोपाठ बोलली असती तर ती फक्त कोटी झाली असती. मधल्या वेळात वार्ताहराचं समाधान झालं, वाचकाचंही झालं, आणि मग पाहुणा उठेना. शिवाय तिने चिमटा काढला तो स्वतःहून मोठ्याला काढला. खालच्याला टोचून मिळवलेलं हसू तिच्या कामाचंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे वाक्य कथेत घालू का? खुशाल घाला, पण त्याने कथा होणार नाही. कथा करायची तर पुढचं बघा. शहापूरच्या गावपाड्यांना पाणी देण्यासाठी योजना आखली गेली ती भावली धरणातून. भावली इगतपुरी तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. घाट उतरून पाणी आपल्याकडे येणार, आणि आपलं पाणी आपल्या दारावरून मुंबईला जाणार. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी वेडा असला पाहिजे. कोणी वेडा नाही. भावली उंचावर आहे, तिथून पाणी उताराने येतं, उपशाचं वीजबिल भरावं लागत नाही. भातसेतून वर चढवायचं तर पंप चालवा, बिल भरा, आणि ते ग्रामपंचायतीने भरायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. इंजिनियर बरोबर आहे. नळाला पाणी हवं म्हणणारी मुंबई बरोबर आहे. आराखडा करणारा ग्रामसेवक बरोबर आहे. आणि हे सगळे बरोबर असताना बाईच्या डोक्यावर हंडा आहे. एखादा चोर सापडला की त्याच्यावर खरमरीत लेख लिहून मोकळं होता येतं. चोर सापडतच नाही तेव्हा विनोदी कथा लिहावी लागते.

नोकरीत असताना कुटुंबपाहणीचे तक्ते भरायला मला पाड्यांवर जावं लागे. एका कातकरीवाडीत मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "घरात माणसं किती?" त्याने मला उलट विचारलं, "पावसात का उन्हाळ्यात?" माझ्या तक्त्यात चौकोन एकच होता. दिवाळीनंतर त्याचे मुलगे, सुना, नातवंडं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात ती पाऊस लागला की परततात. म्हाताऱ्याचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता. मी म्हटलं, "आत्ता सांगा." तो म्हणाला, "आत्ता मी आणि कोंबडी. पण कोंबडी तुमच्यात धरतात का?" त्या तक्त्याच्या पुढच्या पानावर पशुधनाचा रकाना होता. म्हणजे कोंबडीची सोय होती, नातवंडांची नव्हती. यावर मी कथा लिहिली तेव्हा एका संपादकांनी कळवलं, शेवट करुण आहे, विनोदी अंकात बसत नाही. मी शेवट बदलला नाही, अंक बदलला.

इतका वेळ पाण्याचं आणि कागदाचं बोललो. जरा जत्रेला जाऊन येऊ. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेला न गेलेला माणूस इथे नसेल. पौष पौर्णिमेची खांबलिंगेश्वराची यात्रा. घोंगड्या, भांडी, पाळणे, खाजा, आणि त्याहून मोठा जनावरांचा बाजार. विनोदी लेखकाने पाळण्यात बसू नये, बैलबाजारात उभं राहावं. तिथे भाव तोंडाने ठरत नाही. दलाल टॉवेलाखाली हात घेतो, बोटं दाबतो, तोंडावर माशी हलत नाही, आणि हजारांची उलाढाल होते. पण त्याआधी बैलाची चौकशी होते, ती ऐकण्यासारखी असते. एकदा ऐकलेली सांगतो. घेणारा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघत होता.

"गरीब हाय का?"

"गरीब? सकाळचा लय गरीब."

"आन् दुपारचा?"

"दुपारचा आमी त्याच्याकडं जात न्हाय."

घेणारा जराही बिचकला नाही. त्याने शेपटी उचलून बघितली, खूर बघितले, पाठीवर थाप मारली.

"रातचं दावं तोडतो?"

"तोडतो. खोटं कशाला बोलू? पण बाहेर नाय भटकत. सरळ घरी येतो."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या."

यावर दोघांपैकी कोणी हसलं नाही. घेणाऱ्याने गंभीरपणे मान डोलावली आणि विचारलं, "तुमचं गाव किती लांब?" हिशेब असा, की फार लांब नसेल तर सकाळी जाऊन आणता येईल. सौदा झाला.

विकणाऱ्याने एकही शब्द खोटा सांगितला नाही, हे नीट बघा. जनावराची खोड लपवायची नाही ही त्याची नीती. पण खोड सांगताना ती गुणासारखी सांगायची ही त्याची कला. या दोन्हींच्या मध्ये जी फट राहते तिथे लेखकाने बसायचं. तुमच्या प्रेमकथेतला नायक मुलीच्या बापासमोर बसून स्वतःची अशीच माहिती देतोय असं लिहून बघा. बैल कुठून आला हे कोणाला कळणारही नाही.

इथे मला एक नाराजी बोलून दाखवायची आहे. आपल्याकडची बोली मराठी नाटक-सिनेमात बहुतेकदा गडी, मोलकरीण, हवालदार यांच्या तोंडी येते. हाय-नाय केलं की प्रेक्षक हसतो, असं एक सोपं गणित बसलंय. आता आपलीच मुलंही ते गणित सोडवायला लागली आहेत. कथेत आजोबांना आगरी बोलायला लावलं, झाला विनोद. हे हसू दोन वाक्यांच्या वर टिकत नाही, आणि टिकलं तर ते आजोबांवर असतं, आजोबांबरोबर नसतं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथनाला जात तेव्हा समोर खेडुतांनी भरलेली मैदानं असायची. तीच माणसं, तीच बोली, आणि तीच माणसं स्वतःवर लोळून हसायची. अपमान झाल्यासारखं कोणाला वाटलं नाही. कारण त्या कथांतला माणूस बोलीमुळे हास्यास्पद नव्हता. त्याचा बेत फसलेला असायचा, अफवा त्याच्या हाताबाहेर गेलेली असायची, आणि आपलंही असंच होतं हे ऐकणाऱ्याला माहीत असायचं. आगऱ्यांच्या, कुणब्यांच्या लग्नात बायका विहिणीला गाण्यातून काय काय बोलतात ते ऐका. तिथे बोलीला कोणी हसत नाही. विहिणीला हसतात, आणि विहीण पुढच्या लग्नाची वाट बघते.

हसू कोणावर आणि कोणाबरोबर, याचं दुसरं उदाहरण घ्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी लुगडं नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. या शाळेची छायाचित्रं देशोदेशी गेली. आता ही विनोदाला आयती जागा आहे की नाही? आहे, आणि म्हणूनच जपून. आळशी लेखक इथे आजीला अक्षर चुकवायला लावेल. चुकणारी म्हातारी दाखवून हसू काढणं सोपं आहे, आणि हलकटपणाचं आहे. मी तिथल्या कोणा आजीची गोष्ट सांगत नाही, नुसती कल्पना करतो. शाळा आजीला मिळाली, तसा नातवाला अधिकार मिळाला. आजवर आजी त्याला विचारायची, अभ्यास केलास का. आता नातू कमरेवर हात ठेवून विचारतो, पाढे म्हण बघू. आणि आजी, जिने घरातल्या तीन पिढ्यांना धाकात ठेवलं, ती काय म्हणेल? ती म्हणेल, "चुलीवर दूध हाय." सगळ्या जगातली पोरं देतात तेच कारण. आता हसा. हे हसू आजीला ऐकवता येतं. ती स्वतः त्यात भर घालील. कथा लिहून झाली की ती त्याच माणसासमोर वाचता येईल का, एवढी एक परीक्षा मी घेतो. येत नसेल तर कथेत काहीतरी कुजकं राहिलंय.

असं न कुजलेलं हसू कसं असतं ते बघायला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घरच्या बायकामुलांचे जे हाल झाले ते त्यांनी असे लिहिले आहेत की हसू आवरत नाही. आणि त्या वेडाच्या मुळाशी काय होतं? 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना झालेली फाशी, आणि तिचा वडिलांच्या मनाने घेतलेला धसका. बाई हेही सांगतात. दोन्ही सांगतात, आणि एकाने दुसरं झाकलं जात नाही. हे कसं जमतं ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे बघतो आणि गप्प बसतो.

कामाच्या काही गोष्टी सांगतो आणि आवरतं घेतो. ऐकलेलं वाक्य टिपताना नुसतं वाक्य टिपू नका. बोलणाऱ्याच्या हातात काय होतं, त्याआधी कोण काय म्हणालं, किती वेळ गेला, हे टिपा. चुंबळ आणि हंडा नसता तर पाहुण्याचं वाक्य मला आज सांगता आलं नसतं. टिपलेलं त्याच रात्री लोकांसमोर टाकू नका. मोबाईलवर ती घाई फार होते. रात्री अकराला जे भन्नाट वाटतं ते सकाळच्या कसारा लोकलमध्ये, आसनगावला चढताना, पाय ठेवायला जागा नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो हसला तर ठेवा. 'गंमत म्हणजे', 'हास्यास्पद' असले शब्द दिसले की खोडा, आणि कथेत हसरा चेहरा टाकणाऱ्याला तर मी काही सांगू शकत नाही. लेखक आधी हसला की वाचकाला काम उरत नाही. आणि माणसं नीट बदला. नाव बदलून आपल्याकडे भागत नाही. आपल्या तालुक्यात माणसाचं नाव बदललं तरी लोक त्याला बैलावरून ओळखतात.

शेवटी एक कथा देऊन टाकतो, माझ्याकडून लिहून होत नाही म्हणून. वासिंदला रेल्वे आली 1855 साली, आसनगावला 1860 मध्ये, कसाऱ्याला 1861 मध्ये. मुरबाडला अजून रूळ नाहीत. कल्याण-मुरबाड रेल्वे मात्र आहे. निवडणुकीत आहे, वर्तमानपत्रात आहे, पाहणीत आहे, जमिनीच्या भावात तर कधीपासून आहे. या रेल्वेच्या भरवशावर एका माणसाने रस्त्याकडेला चहाची टपरी टाकली आहे आणि तिच्यावर पाटी लावली आहे, 'स्टेशन टी हाऊस'. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्याने पत्ता छापला, 'नियोजित स्टेशनजवळ'. व्याही वासिंदचे. त्यांच्या पाच-सहा पिढ्या लोकलला लटकून गेलेल्या, आणि त्यांनी स्थळ पसंत केलं ते गावाला रेल्वे नाही म्हणून. लग्नात एकाला आपण रेल्वेवाल्यांत पडलो याचा आनंद आणि दुसऱ्याला आपण रेल्वेतून सुटलो याचा. दोघं एकमेकांना कडकडून भेटतात. इथपर्यंत मला दिसतं.

मग एक दिवस मोजणीवाले येतात आणि खुंटी ठोकतात. रेल्वे खरंच येणार. फलाट जिथून सुरू होतो ती जागा म्हणजे नेमकी याची टपरी. दुसऱ्या दिवशी गावात दोन कार्यक्रम आहेत: सकाळी रेल्वे आली म्हणून सत्कार, दुपारी जमीन जाते म्हणून मोर्चा. दोन्ही ठिकाणी पहिला वक्ता हाच, आणि गडी असा की दोन्हीकडे तो एकच भाषण करील, एक शब्द न बदलता, आणि दोन्हीकडे टाळ्या घेईल. ते भाषण काय असेल ते मला अजून सापडलेलं नाही. ज्याला सापडेल त्याने लिहावं. कथा त्याची. पाटीवरचं नाव तेवढं बदलू नका, ते मला आवडलेलं आहे.